शुद्ध हौशी आंदो-सान

जपानमध्ये कावासाकीतल्या आमच्या सॉफ्टवेअर ऑफिसचे प्रमुख आंदो-सान हे वॉल्टर पेंब्रीचे भक्त. हा पेंब्री व्हिक्टोरिया राणीच्या काळातला लंडनचा वकील आणि हातोडाफेकीचा हौशी विजेता. मिश्यांना मेण लावून, लांब पँट घालून तो लाकडी दांड्याचा हातोडा भिरकावायचा. एका वर्षी स्पर्धेत एकटाच उतरला आणि पहिला आला. तीच लढत सर्वांत अटीतटीची झाली, असं तो म्हातारपणी नातवंडांना सांगायचा.

ऑफिसच्या क्रीडादिनाला आंदो-सानही तसलीच पँट चढवून रबरी डोक्याचा हातोडा फेकत. साहेबांच्या पुढे फेकायची कुणाची छाती नव्हती, त्यामुळे दरवर्षी तेच जिंकत.

यंदा आमच्या टीममधल्या स्वप्नाने नाव दिलं. पुण्याला कॉलेजात असताना ती हातोडाफेकीत विद्यापीठापर्यंत गेली होती. मैदानावर तिचा सराव पाहून आंदो-सान सावध झाले.

"स्वप्ना-सान, पेंब्रीच्या काळी नियम फार कडक होते," ते म्हणाले. "हातांनी काम करून पोट भरणाऱ्या लोहार-हमालांनाही हौशी मानत नसत, स्पर्धेत उतरू देत नसत. तुम्ही तर कोचकडे शिकलेल्या."

"मग आज तेच नियम लावू या का?"

"अगदी काटेकोर," ते खूश होऊन म्हणाले.

स्वप्नाने माइक घेतला. "हातांनी काम करून पगार घेणाऱ्यांनी कृपया बाजूला व्हावं. कीबोर्ड बडवणं हेही हातकामच आहे."

प्रोग्रामर सरकले. टेस्टर सरकले. अकाउंट्सवाल्या तोंडावर हात धरून हसत निघाल्या. रिंगणात साहेब एकटेच उरले.

"आंदो-सान फक्त मीटिंगला बसतात," स्वप्नाने अदबीने खुलासा केला. "ते शुद्ध हौशी आहेत."

साहेबांनी हातोडा फेकला, टाळ्या पडल्या, पदकही मिळालं. मग सगळे मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथे स्वप्नाने मजुरांची स्पर्धा सुरू केली होती. एकाचा हातोडा मागेच गेला, एकीचा थेट झाडात अडकला. हशा थांबेना.

थोड्या वेळाने गळ्यातलं पदक खिशात घालून आंदो-सान रांगेत आले. "मला घ्याल का?"

"हातांनी काय काम करता?"

साहेबांनी विचार केला. मग बाह्या सरसावून आमच्या सगळ्यांच्या जेवणाचा कचरा वेगळा करायला बसले. प्लास्टिक इकडे, पत्र्याचे डबे तिकडे.

"या बाटलीचं झाकण काढायचं राहिलंय," स्वप्नाने दाखवलं. त्यांनी ते मुकाट्याने काढलं.

स्वप्ना पहिली आली, आंदो-सान पाचवे. स्टेशनवर त्यांनी बायकोला पाठवलेला मेसेज आम्हा प्रत्येकाला दाखवला: 'पाचवा आलो. चुरस होती.'