रुपचंद नानांची चूक

"अभिमनभाऊ, इतला पैसा तुन्हा मोबाइलवरथून धाडी दे," म्हणत रुपचंद नानांनी रुमालाची पुरचुंडी माझ्या टेबलावर ठेवली.

धुळ्याच्या कोर्टाबाहेर मी स्टॅम्प विकतो. शेजारी, त्याच कडुनिंबाखाली, नाना टाइपरायटरवर प्रतिज्ञापत्रं टाइप करतात. वयानं बरोबरीचे असलो तरी सगळं आवार त्यांना नानाच म्हणतं. त्यांचे पैसे कुठं पाठवायचे असले तर माझ्याच फोनवरून जातात, म्हणून मी सहज विचारलं, "कोनले?"

"कंपनीले. दंड शे."

पुरचुंडीत त्यांच्या लेकीची, मेघाची नर्सिंगची फी होती, हे मला ठाऊक होतं. सगळं ऐकल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत म्हणून मी फोन खिशात टाकला. "पहिले बठ्ठं सांग."

सगळीकडे कॉम्प्युटर आले आणि नानांचं गिऱ्हाईक आटलं. तशात मोबाइलवर जाहिरात आली, घरबसल्या मराठी टायपिंग, दरमहा पगार. ना मुलाखत, ना चौकशी. करारावर सही केली की नेमणूक. मेघाच्या लॅपटॉपवर नानांचा हात लगेच बसला. कुठल्याशा जुन्या पुस्तकाच्या पानांचे फोटो यायचे, नाना सोनगीरला घरी जाऊन ते टाइप करायचे. मी "या साहेब" म्हणून चिडवलं की नव्या नवरीसारखे लाजायचे. पगाराच्या दिवशी मात्र नोटीस आली. काम चुकांनी भरलंय, करार मोडलाय, दंड भरा, नाहीतर खटला.

ती नोटीस बघून मी ओरडलोच. "नाना, डोकं फिरनं का तुन्हं? कोर्टनी नोटीस बेलिफ लई येस, मोबाइलवर येस का कधी? ना खटलाना नंबर, ना कोर्टनं नाव! आनि नोकरी देनारा पैसा देस, मांगस नही."

"ते माले समजस भाऊ. पन चूक मन्हीच व्हई तर? स्टॅम्पवर चूक व्हयनी की नवा स्टॅम्प मन्हाच खिसामाथून येस ना?"

खरंच, आमच्या आवारात तोच रिवाज आहे. चूक टायपिस्टची, भुर्दंडही त्याचाच. नानांनी तो जन्मभर कुरकुर न करता पाळला, आणि आता चोरांनी मागितला तरी पाळायला निघाले होते.

"मी बठ्ठा पानं परत तपासात," नाना हळूच म्हणाले. "एक बी चूक सापडनी नही. मंग वाटनं, आते मन्हा डोयाच गयात."

अशा भल्या माणसाला गाठायचं, म्हणजे काय म्हणावं!

मी १९३० ला, सायबरच्या मदत क्रमांकावर, फोन लावला आणि नानांना ऐकू जावं म्हणून स्पीकर सुरू केला. पलीकडच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "एक रुपया पाठवू नका काका. मेसेज पुसू नका, तक्रार नोंदवा. सगळ्यांना हीच नोटीस जाते. काम कसं केलंय ते बघतसुद्धा नाहीत हे लोक."

मी पुरचुंडी नानांच्या पिशवीत कोंबली. "सुटना रे नाना! फी वाचनी पोरनी!"

नाना मान हलवत होते, पण चेहरा काही खुलेना. "म्हंजे," ते म्हणाले, "मन्हं टाइप करेल कोनी वाचंच नही?"



तेवढ्यात एक गृहस्थ नावदुरुस्तीचं प्रतिज्ञापत्र करायला आले. नाना नेहमीसारखे ताठ बसले आणि टकटक सुरू झाली. काम संपल्यावर कागद काढून त्यांनी पुढं धरला, वर खिशातला पेन दिला. आणि आजवर कधी कुणाला म्हणाले नव्हते ते म्हणाले, "भाऊ, एकदाव वाची ले."

गृहस्थांनी कानाशी फोन धरलेला होता. "असंल हो बरोबर," म्हणत त्यांनी उभ्या उभ्या सही ठोकली, पैसे ठेवले आणि नोटरीकडे निघून गेले.

नानांनी टोपण लावून पेन पुन्हा खिशाला अडकवला. मग अजून ऊन डोक्यावरही आलं नव्हतं, तरी त्यांनी मशीनवर कव्हर चढवलं.