अकरा बलक

थर्मामीटर खिडकीच्या उजेडाकडे धरून शोभाबाई म्हणाल्या, "अठ्ठ्याण्णव पॉइंट चार." रूपलीबाईला आकडा कळला नाही, पण बाईंचे सैल पडलेले खांदे कळले. तेवीस दिवसांनी तिच्या फुलीचा ताप उतरला होता.

नवापूरपासून तीन कोसांवर, डोंगराच्या पायथ्याशी मिशनचा हा लहान दवाखाना. चार खाटांची एक खोली, औषधांची एक खोली आणि मागे स्वयंपाकाची पडवी. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, बाकी सगळं नर्स शोभाबाईंच्या अंगावर. त्या नगरकडच्या, मिशनच्या बोर्डिंगात वाढलेल्या. रूपलीबाई डोंगरातल्या कोकणा जमातीची, घरी त्यांची कोकणी बोलणारी. तिने नऊ वर्षांच्या फुलीला झोळीत घालून आणलं, तेव्हा पोर बरळत होती. मुदतीचा ताप, टायफॉइड, बाई म्हणाल्या होत्या.

"आता खरी काळजी," शोभाबाई थर्मामीटर पुसत म्हणाल्या. "ताप गेला म्हणजे दुखणं गेलं असं समजू नकोस. आतड्याला आतून फोड आलेत. त्यांवर आत्ता कुठे साय धरतेय. दहा दिवस पातळच द्यायचं. भाकरीचा एक घास गेला आणि आतडं फाटलं, तर डॉक्टरांच्याही हातात काही राहणार नाही."

रूपलीबाईने मान हलवली. माणसाचं आतडं तिने कधी पाहिलं नव्हतं. समोर दिसत होती ती पोर: मनगटं काटकीएवढी, डोळे मात्र आज स्वच्छ. आणि ते डोळे पहिल्यांदाच काहीतरी मागत होते.

"आय, भूक लागली. भाकर दे."

तेवीस दिवस पोरीने काही मागितलं नव्हतं. आज मागितलं, तर द्यायला काय? पाणी.

त्या पाण्यावरच रूपलीबाईचा राग होता. शोभाबाई रोज अंडी फोडायच्या, बलक एका वाटीत बाजूला काढायच्या आणि नुसता पांढरा भाग, आधी उकळून गार केलेल्या पाण्यात, हलक्या हाताने ढवळायच्या. चिमूटभर मीठ घालून ते मलमलीतून गाळायचं आणि चमच्याचमच्याने पाजायचं. खोलीत अशा तापाचे तिघं होते. दिवसाला दहा-अकरा अंडी लागत. आसपासच्या पाड्यांवरच्या बायका ती आणून देत. त्यांतली चार रूपलीबाईच्या स्वतःच्या कोंबड्यांची असत, तिची जाऊ दर दोन दिवसांनी पोचती करायची.

कोंबड्या तिने जन्मभर पाळल्या होत्या. उबवणीतलं अंडं चुकून फुटलं की आत काय दिसतं, तिला ठाऊक होतं: पिवळ्यावर लाल रेघांचं जाळं पसरतं, पिलू त्याला चिकटून वाढतं आणि शेवटी उरलेला सगळा बलक आपल्या पोटात ओढून घेतं. जीव धरतो तो पिवळ्याच्या जोरावर. मग तिच्या पोरीला नुसतं पाणी आणि जोर वाटीत बाजूला, हे कुठलं औषध?

तिने विचारलंही होतं. "बलक जड असतो," एवढंच उत्तर आलं होतं. जड असतो म्हणूनच तर द्यायचा, असं तिला वाटलं.

आज अकरा बलक जमले होते.

"आज केक करू," शोभाबाई म्हणाल्या. "अंडी आणणाऱ्या बायकांना एकेक तुकडा देऊ. नुसत्या शब्दांवर किती दिवस आणतील? चल, तुझेही हात चालू दे. खाटेशी बसून पोरीकडे टक लावलीस तर तिची भूक वाढेल."

पडवीत दगा चूल फुंकत होता. हा म्हातारा स्वयंपाकी नंदुरबारकडचा. जीभ अहिराणी आणि तिखट. "हाई काय करी ऱ्हायनात बाई?" त्याने वाटीत डोकावून विचारलं. "इतला बलक? मन्ही सासू बी जावाईले इतलं खावाले देत नही."

"तुम्हाला सासू उरलीय का अजून, बाबा?" शोभाबाईंनी विचारलं.

"नही ना. म्हणीसनच सांगी ऱ्हायनू."

शोभाबाई हसल्या. रूपलीबाईला हसू आलं नाही. तिच्या हातात रवी दिली होती आणि ती बलक आणि साखर फेटत होती. आधी सगळं गडद आणि खरखरीत होतं, मग साखर विरघळली, रंग फिका होत लोण्यासारखा झाला आणि रवी उचलली की पट्टीसारखी धार पडू लागली.

"पांढरा असता तर फेसाळून हवा धरली असती," शोभाबाई म्हणाल्या. "बलकाला ते जमत नाही. म्हणून हा खाण्याचा सोडा आणि हे आंबट ताक. दोघं भेटले की बुडबुडे येतात, ते केक उचलतात. पण एकदा भेटले की थांबायचं नाही, लगेच विस्तवावर."

पातळ तूप गेलं, दोनदा चाळलेलं पीठ गेलं, वेलदोडा गेला, शेवटी ताक आणि सोडा. दगाने मोठ्या पातेल्यात वाळू तापवून ठेवली होती. तूप लावलेलं लहान पातेलं तिच्यात बसवलं, वर सपाट झाकण आणि झाकणावर निखारे. "खाले कमी, वर जास्त," तो पुटपुटला. "नहीते बूड जळी आनि डोकं कच्चं ऱ्हाई."

खोलीतून पुन्हा आवाज आला. "आय."

शोभाबाई उठून गेल्या. रूपलीबाई कान देऊन ऐकत राहिली. चमचा वाटीवर वाजला, मग पोरीचं रडणं. रडण्यात जोर नव्हता. तेच तिला सोसवेना. मेलेल्या माणसाला भूक लागत नाही, मनात आलं. भूक लागली म्हणजे जीव परत आलाय. आणि परत आलेल्या जिवाला दारातून हाकलायचं?

अर्ध्या तासाने वास सुटला. तूप, वेलदोडा आणि खरपूस साखरेचा वास पडवी ओलांडून आत गेला असणार, कारण रडणं थांबलं.

शोभाबाईंनी झाकण काढून मधोमध केरसुणीची स्वच्छ काडी खुपसली. काडीला ओलं पीठ लागून आलं. "वरून झालाय, आत नाही." आणखी पंधरा मिनिटांनी काडी कोरडी आली. केक ताटात पालथा केला. हळदीसारखा पिवळाधमक, घट्ट, पाच बोटं उंच.

"गार होईपर्यंत कापायचा नाही हं," असं सांगून त्या औषधांच्या खोलीत गेल्या. दगा लाकडं आणायला मागे गेला.

रूपलीबाईने सुरी घेतली.

कडेचा तुकडा कापला, दोन बोटं रुंद. गरम होता, कडा चुरत होती. पदरात गुंडाळून ती खोलीत गेली. बाकीचे दोघे झोपले होते. फुली तिच्याकडेच बघत होती; वासावरून तिला कळलंच होतं.

"मला?"

रूपलीबाई खाटेवर टेकली. पदर सोडला. ही आपल्याच कोंबड्यांची अंडी, आपल्याच हातचं फेटणं. इतका मऊ आहे, दातही लागणार नाहीत. एवढासा तुकडा. तिने एक कोपरा मोडला आणि पोरीच्या तोंडाजवळ नेला. फुलीने तोंड उघडलं.

उघडं तोंड, आत कोरडी लाल जीभ, ताणलेली मान. रूपलीबाईचा हात थांबला. हे तिने पाहिलं होतं.

ती फुलीएवढीच असताना कोंबडीखाली एक पिलू नुकतं कवचातून निघालं होतं, अजून ओलं. ते चोच उघडून ओरडत होतं. तिला दया आली. नागलीचे भिजवलेले दाणे एकेक करून तिने त्याच्या चोचीत सोडले आणि त्याने ते गिळले. संध्याकाळपर्यंत गळ्याखाली गोळा कडक झाला आणि पिलू आडवं झालं. "ते मागत होतं," ती रडत आईला म्हणाली होती. आई म्हणाली, "ते बोट दाखवलं तरी तोंड उघडतं. त्याच्या पोटात बलक आहे अजून. दोन दिवस काही द्यायचं नसतं, तुला ठाऊक नव्हतं?"

तेव्हापासून तिने कुठल्याही पिलाला दोन दिवस दाणा दाखवला नव्हता. कितीही ओरडलं तरी. आणि आतडं तर तिने त्या पिलाचंही पाहिलं नव्हतं, तरी आईचं मानलं होतं.

"आय," फुली म्हणाली. तोंड अजून उघडंच.

रूपलीबाईने तो कोपरा स्वतःच्या तोंडात टाकला. गोड होता.

पोर आधी बघत राहिली, मग तिचे ओठ थरथरले. रूपलीबाईने उरलेला तुकडा तिच्या नाकाजवळ धरला. "वास घे. नुसता वास. दहा दिवसांनी तुझ्यासाठी आख्खा करीन."

एवढ्यात दारात चपला वाजल्या. शोभाबाईंनी ताट पाहिलं होतं. त्यांचा चेहरा पांढराफटक होता.

"दिलंस?"

"नाही, बाई."

त्यांनी आधी फुलीचं तोंड उघडून जिभेखाली बोट फिरवलं, पोटावर तळवा ठेवून चारी बाजूंनी दाबून पाहिलं. मग रूपलीबाईच्या हातातला तुकडा घेऊन त्या पडवीत गेल्या. रूपलीबाई मागोमाग. शोभाबाईंनी तो तुकडा केकच्या कापलेल्या जागेत बसवला. बरोबर बसला. एक कोपरा कमी होता, बोराएवढा.

"हा कुठे गेला?"

"मी खाल्ला."

"तू?"

"तिला द्यायला नेला होता," रूपलीबाई म्हणाली. "मग मी खाल्ला."

शोभाबाई म्हणाल्या, "खरं सांगतेयस की नाही, ते पोट सांगेल. संध्याकाळपर्यंत तासातासाने बघायचं. कडक झालं, घाम सुटला, नाडी धावली, तर मला हाक मार. लपवायचं नाही."

"लपवायला काही नाही, बाई," रूपलीबाई म्हणाली. पण मनात शंका आलीच. घास जवळ नेताना चुरा लागलेलं बोट चुकून पोरीच्या ओठाला लागलं असेल तर? हात तर ओठापर्यंत गेला होता. तिने आठवून आठवून पाहिलं. नाही, लागलं नव्हतं.

बायका आल्या, केक खाऊन गेल्या. "घट्टय पण चांगलाय," एकीने म्हटलं आणि उद्याची अंडी कबूल केली. रूपलीबाईने दर तासाला पोरीच्या पोटावर हात ठेवला. मऊ. पुन्हा मऊ. उन्हं खिडकीतून खाटेच्या पायापर्यंत उतरली तेव्हाही मऊच. थर्मामीटर सकाळच्याच आकड्यावर होता. शोभाबाईंनी तो झटकला आणि त्या म्हणाल्या, "आता पाज तिला."

रूपलीबाईने स्वतः अंडं फोडलं. बलक एका अर्ध्या कवचातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात करत तिने पांढरा खाली वाटीत सोडला. बलक फुटला नाही. तिने तो बाजूला ठेवला आणि त्याच्याकडे पुन्हा पाहिलं नाही. पाणी ढवळून, गाळून ती खाटेशी बसली.

"हेच?" फुलीने विचारलं.

"हेच. अजून दहा दिवस," ती म्हणाली आणि चमचा पुढे केला.