चौदा घरांचं गाव

अक्षताने लॅपटॉप उघडला, पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात पाहिलं आणि खुर्ची इतक्या जोरात मागे ढकलली की ती पलंगाच्या लोखंडी पायावर जाऊन आपटली.

“रुचिता, माझा गेम कुठाय?”

रुचिता भिंतीवरच्या वेळापत्रकात हिरव्या पेनने खुणा करत होती. तिने वळूनही पाहिलं नाही.

“उडवला. सकाळी, सफाईत.”

सफाई ही दिल्लीच्या ओल्ड राजिंदर नगरातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीची प्रथा होती. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेला चाळीस दिवस उरले की दोघी आपापला फोन आणि लॅपटॉप एकमेकींच्या हवाली करायच्या. आपला मोह आपल्या हाताने काढवत नाही, म्हणून तो मैत्रिणीने काढायचा, आणि तिने काय काढलं यावर नंतर तोंड उघडायचं नाही. हे तिसरं वर्ष. आधीच्या दोन्ही वर्षी इन्स्टाग्राम गेलं, मालिका गेल्या आणि परीक्षा संपल्यावर पासवर्ड टाकताच सगळं जिथल्या तिथे परत आलं. त्यामुळे कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

“नुसता गेम काढलास ना? त्याचं फोल्डर आहे ना?”

“फोल्डरही काढलं. रिसायकल बिनसुद्धा रिकामी केली. अर्धवट ठेवलं तर तू आठ दिवसांत परत चालू करशील, यार. मला माहीत नाही का?”

अर्धवट हा शब्द रुचिताला सोसत नसे. संगमनेरहून आल्यापासून तिने एकही चाचणी बुडवली नव्हती. विस्थापितांच्या पुनर्वसनावरचं तिचं उत्तर क्लासने झेरॉक्स काढून सगळ्यांना वाटलं होतं. सात मुद्दे, एक आकृती आणि शेवटी आशादायक समारोप. विस्थापित माणूस तिने उभ्या जन्मात पाहिला नव्हता, पण त्याचे गुण काही कापले जात नाहीत.

“एकाहत्तर तास होते माझे त्यात,” अक्षता म्हणाली.

“बघ ना! एकाहत्तर तासांत आख्खं पर्यावरण दोनदा होतं.”

गेमचं नाव होतं ‘बुडीत क्षेत्र’. लातूरकडच्या कुणा एका बाईने तीन वर्षं खपून एकटीने तो केला होता. जाहिरात नाही, गवगवा नाही. खेळलेलं इंटरनेटवर जपून ठेवायची सोयही नाही. जे काही होतं ते त्या एका फोल्डरात. धरणाखाली जाणारं चौदा घरांचं गाव आणि खेळणारी म्हणजे तिथे सर्वे करायला आलेली बाई. घरोघर जायचं, पुनर्वसनाच्या यादीत माणसं लिहायची. तलवार नाही, राक्षस नाही, गुण नाहीत. शेकडो माणसं राबवून केलेल्या बड्या गेममध्ये गावकरी असतात ते तुम्हाला कामाला लावण्यापुरते. काम झालं की तेच एक वाक्य घोकत ते कायमचे उभे, आणि करणाऱ्यांना त्याची लाजही वाटत नाही. इथली माणसं खोटं बोलत, रुसत, तुम्ही घाईत दिसलात तर दार लावून घेत. उंबऱ्यावर बसून राहिलात तर मात्र चार दिवसांनी बोलू लागत, आणि बोलत ते अक्षताच्या परभणीकडचं. “काय करायलीस माय? बस की जरा.” तीन वर्षं घरमालकिणीशी हिंदी आणि रुचिताशी पुस्तकी मराठी बोलून अक्षताचा जबडा दुखून आला होता. ते वाक्य पहिल्यांदा पडद्यावर उमटलं तेव्हा तिने पुढ्यातला चहा गार होऊ दिला होता.

हे सगळं तिला रुचिताला सांगता आलं असतं. पण रागाने तिची जीभ नेहमीच जड व्हायची. तिने चपला घातल्या, दार आपटलं आणि लायब्ररी गाठली.

पुढचे सात दिवस खोलीत कुणी कुणाशी बोललं नाही. डबा एकच यायचा, तो आता दोघी वेगवेगळ्या वेळी खायच्या. अक्षता आपल्या वाटणीच्या पोळ्या घेऊन भाजी तशीच ठेवायची, म्हणजे खाल्लीस तर तुझी, टाकलीस तर तुझी. रुचिताही आतून धुमसत होती. एवढी मैत्री करायची आणि वर ही शिक्षा? पण तिच्या लेखी नुकसान म्हणजे नुकसान, आणि ते भरून द्यायचं असतं. रविवारी अक्षता लायब्ररीत गेल्यावर तिने गेम शोधून काढला, अक्षताच्याच लॅपटॉपवर चढवला, शेजारी वही उघडली, चौदा रकान्यांचा तक्ता आखला आणि खेळायला बसली.

चार वाजता अक्षता परतली तेव्हा रुचिताने लॅपटॉप तिच्यासमोर फिरवला.

“घे. चौदाच्या चौदा घरं. तीन तास वीस मिनिटं. तुझे एकाहत्तर कुठे गेले, देव जाणे.”

पडद्यावर नुसतं पाणी होतं. राखाडी, सपाट, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: यादी स्वीकारली.

“यादी देऊन टाकलीस तू?”

“मग? पूर्ण झाली की द्यायचीच असते ना. तू दिली नव्हतीस?”

“यादी दिली की पाणी सोडतात,” अक्षता म्हणाली. “मी ती कधीच दिली नाही.”

अक्षताने पिशवी खांद्यावरून न उतरवताच यादी उघडली आणि एकेक घर वाचत खाली गेली. नवव्या घरावर तिचं बोट थांबलं. चंद्रप्रभा. माणसांच्या रकान्यात काहीच नव्हतं. शेरा होता: घर बंद, नियमानुसार वगळले.

“ही भेटली नाही?”

“कुलूप होतं. दोनदा गेले. नियमावलीत दोनच फेऱ्या आहेत, बिल्कुल स्पष्ट लिहिलंय.”

“दिवसभर शेतात असते ती.”

“ते मला कसं कळणार?”

“कुणालाच कळलं नाही!” अक्षता इतक्या मोठ्याने ओरडली की खालून घरमालकिणीचं “क्या हुआ बेटा?” ऐकू आलं. “माझ्या आजीचं घर असंच बंद व्हतं. ती ज्वारी काढाया गेलती. सायेब आला, कडी वाजवली, निघून गेला. यादीत नाव नाही म्हणून जमीन नाही, घर नाही, काही नाही. गावच पाण्यात गेलं, मग गावात राहत व्हतीस हे कशावरून म्हणायले. आजी मेली, मग माझी आई तीस वर्षं कचेरीच्या पायऱ्या चढली. तिला दर वेळी एकच सांगितलं, नियमानुसार वगळले.”

एरवी अक्षताच्या तोंडून असं काही निसटलं की रुचिता हसून तिची नक्कल करायची. आज तिने हातातल्या पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं.

“मला तू कधी सांगितलं नाहीस.”

“तुझ्या सात मुद्द्यांत बसलं नसतं.”

“गेम आहे तो, अक्षता.” रुचिताचाही आवाज चढला. “खरी माणसं नाहीयेत ती. मी कुणाला बुडवलेलं नाहीये.”

“गेम आहे म्हणूनच पुन्हा खेळता येतो. तिकडं कुठं पुन्हा येतंय?” अक्षताने लॅपटॉप मिटला. आता ती हळू बोलत होती, आणि ते ओरडण्याहून वाईट होतं. “तू कलेक्टर होशील, रुचिता. नक्की होशील. मला त्याचीच भीती वाटते.”

रुचिता उठली, बाल्कनीत गेली आणि वाळलेले कपडे घड्या न घालताच आत आणून पलंगावर टाकले. ते रात्रीपर्यंत तसेच पडून राहिले.

बुधवारी दुपारी लायब्ररीतली वीज गेली. तासभर उकाड्यात काढून अक्षता खोलीवर आली. बुधवारी दोन ते चार रुचिताची चाचणी असायची, म्हणून खोली रिकामी असेल हे धरून तिने किल्ली काढली होती. पण दार आतून नुसतं लोटलेलं होतं. रुचिता आपल्या पलंगावर भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर तिचा स्वतःचा लॅपटॉप, शेजारी उघडी वही. कूलरमधलं पाणी संपून तो नुसता घरघरत होता, आणि तिचं त्याकडे लक्ष नव्हतं.

पडद्यावर कुलूप घातलेलं एक दार होतं. दारापुढच्या पायरीवर सर्वेवाली बाई बसलेली. अंगणात एक कोंबडी होती, तीही फारशी हलत नव्हती.

“चाचणी नव्हती तुझी?” अक्षताने विचारलं. दहा दिवसांत स्वतःहून काढलेला तिचा हा पहिला साधा प्रश्न.

“होती.”

“कितव्या घराला आहेस?”

“नवव्या.”

“आठ झाली?”

“नाही. पहिलं हेच घेतलं.”

अक्षताने बादली उचलली, नळाचं पाणी भरून आणलं आणि कूलरमध्ये ओतलं. तिचा राग गेला नव्हता. तो इतक्यात जाणारही नव्हता, आणि तो घालवायची तिची इच्छाही नव्हती. रिकामी बादली खाली ठेवून ती तिथेच उभी राहिली.

“किती वेळ झाला?”

“दीड तास.”

“दिवेलागणीला येते ती,” अक्षता म्हणाली. आवाज कडकच होता. “आणि आल्या आल्या नाव विचारू नकोस. डोक्यावर भारा असतो, तो आधी उतरवून घे.”

रुचिताने मान हलवली आणि शेजारची वही मिटून बाजूला सरकवली.