एवढ्यात बसवा

दुःखात माणूस घासाघीस करत नाही, हे राजशेखरने धंद्यात पहिल्याच वर्षी ओळखलं. लातूरच्या एका दैनिकात जाहिरातींचे दर तोच ठरवायचा. वाढदिवसवाले पुढारी फुकटचा चहा पिऊन वर दर निम्म्यावर आणायचे. तो खड्डा भरायला त्याने निधनाच्या जाहिरातीचा दर दुप्पट करून ठेवला. मालकांनी पाठ थोपटली. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच. पण दरपत्रकावर छापलं की तेही नियमासारखं दिसतं.

सोमवारी चाकूरहून गौरम्मा आल्या. त्यांचे यजमान गुरुपादप्पा शिवैक्य झाले होते. नांदेडच्या एका शाळेत त्यांनी तीस वर्षं घंटा वाजवली होती, गावी परतून दोनच वर्षं झाली होती. शुक्रवारी शिवगणाराधना, त्यांच्या नावाचं जेवण.

"पेपरात आलं की नांदेडची लेकरं येतील बगा," गौरम्मा म्हणाल्या. "लई जीव होता त्येंचा ह्यांच्यावर."

लातूर आणि नांदेड, दोन्ही आवृत्त्या. राजशेखरने मनात गुणाकार केला. "बत्तीसशे होतात, मावशी."

गौरम्मांनी पिशवी उपडी केली. सोळाशे निघाले, आणि परतीचं एस.टी.चं भाडं.

"एवढ्यात बसवा, बाबा."

"बसवतो," तो म्हणाला.

आणि त्याने बसवलं. गाव चाकूर, म्हणून फक्त लातूरच्या आवृत्तीत. बाईंना आवृत्ती म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, आणि त्याने सांगितलं नाही. मंगळवारी अंक हातात आला, तेव्हा गुरुपादप्पांच्या फोटोशेजारी एका पुढाऱ्याचा हसरा वाढदिवस होता, दोन्ही आवृत्त्यांत, निम्म्या दराने. त्याच दरात गुरुपादप्पाही नांदेडला पोचले असते. राजशेखरला स्वतःचीच लाज वाटली. दुपारचा डबा त्याने तसाच घरी नेला.

शुक्रवारी त्याला राहवेना. अहमदपूरची गाडी पकडून तो चाकूरला उतरला.

अंगणात मांडव होता. भाऊबंद जेवून उठले होते. मांडवाच्या एका अंगाला पत्रावळ्यांची अख्खी रांग कोरी मांडलेली होती, आणि शेजारी हुग्गीचं, गव्हाच्या गोड खिरीचं पातेलं जवळजवळ भरलेलंच होतं. गौरम्मांनी त्याला ओळखलं आणि त्या कोऱ्या रांगेत पहिल्या पत्रावळीवर बसवलं.

"तुमी तरी आलाव," त्या हुग्गी वाढत म्हणाल्या. "नांदेडचं येक माणूस न्हाई आलं. मरंपत्तूर ह्ये त्येंचीच नावं घेत व्हते. दोन वर्सांत इसरले बगा."

राजशेखरने उचललेला घास पत्रावळीवर परत ठेवला. गप्प बसणं सोपं होतं. पण ती रांग त्याच्याकडे बघत होती.

"मावशी, ते विसरले नाहीत. त्यांना कळलंच नाही. नांदेडच्या पेपरात मी छापलंच नाही. दर जास्त लावला मी. पुढाऱ्याला लावतो तो लावला असता, तर तुमच्या पैशांत दोन्हीकडं आलं असतं."

आता शिव्या बसतील म्हणून त्याने मान खाली घातली. बसल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हंजी इसरले न्हाईत?" गौरम्मांचा चेहरा उजळला. त्या घराकडे वळून ओरडल्या, "आगं मल्लम्मा, ऐकलं का? इसरले न्हाईत गं लेकरं! त्येन्ला ठावंच न्हवतं!"

मग त्यांनी डोळे पुसले, आणि त्याच्या पत्रावळीवर आणखी एक पळी हुग्गी वाढली.

"खा बाबा," त्या म्हणाल्या. "लई बरं केलंस सांगितलंस."