बुधवारचा बांगडा

आमच्या घरात बुधवारी मासे नसले की विनीतचं डोकं फिरायचं. सोमवार, गुरुवार, शनिवार कसेबसे पाळायचा. उरलेले वार त्याच्या हक्काचे. आणि हाच माणूस दिवाळीनंतरच्या एका बुधवारी बांगड्याचं ताट बाजूला सारून म्हणाला, "माका नको. डाळभात वाढ."

पोट बिघडलं असेल म्हणून मी ओवा दिला. पुढच्या बुधवारी तेच, त्याच्या पुढच्याही. शुक्रवारी मात्र कालवणाचा टोप पुसून साफ.

विनीत समुपदेशक आहे. कसालला आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत लोक येऊन मन मोकळं करतात. बुधवारी जेवणं झाली की फ्लाव्हिया यायची. नवरा ब्रॅंडन बोटीवर गेल्यापासून तिला झोप नव्हती. दिसायला सुंदर, हेही सांगून टाकते. तिच्यासमोर बसताना बोटांना माशाचा वास नको, म्हणून हा उपास! कळलं तेव्हा माझ्या अंगाची आग आग झाली. पण विचारणार काय? तो म्हणाला असता, मी फक्त ऐकतो. आणि ते खरंच होतं.

ब्रॅंडन सुट्टीवर आला तेव्हा मला हायसं वाटलं. विनीतचं मात्र बिनसलं. लोकांचं बोलणं कधी घरात न आणणारा हा जेवता जेवता बोलून गेला, "इलो तो. आता सगळां इस्कटून टाकतलो." आमच्या लेकीच्या, सृष्टीच्या हातून पाणी सांडलं तर पोरीवर खेकसला. मी जळत होते, तोही जळत होता.

त्या बुधवारी फ्लाव्हिया जाताना मागच्या दाराशी आली. "वयनी, सर म्हणतत ब्रॅंडनापासून थोडे दिवस वेगळा रव. पण आता माका झोप लागता. मगे वेगळा कित्याक रवू?"

हा नवरा-बायकोत फूट पाडायला निघाला होता. मी म्हटलं, "रवू नको. आनी हयसर परत येव नको. कुडाळात एक समुपदेशक बाई आसा, गरज लागली तर तिच्याकडे जा."

पुढच्या बुधवारी विनीत भांग पाडून जेवायला बसला.

"ती येवची नाय," मी म्हटलं. "मीच सांगलंय तिका."

बराच वेळ तो डाळभात चिवडत राहिला. मग हळूच म्हणाला, "बांगडो आसा?"

मी वाढला. तो काटे काढत खात होता आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्यासाठी त्याने कधी एका वारचाही मासा सोडला नव्हता.