पोत्याला टोचलेलं चालतं

आसगावच्या शकुनबाईच्या छातीत गाठ लागली तेव्हा ती आवळ्याएवढी होती. हातपंपापाशी पोचेपर्यंत तिची मोसंबी झाली, पानठेल्यावर नारळ, आणि शेजारच्या गावात तर बाई म्हणे गाठ बैलगाडीत घालून हिंडते. शकुनबाईला त्याचा राग नव्हता. गावाच्या तोंडाला कोण मोजपट्टी लावणार? राग होता तो स्वतःच्या ओसरीचा.

भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करून स्वच्छ सांगितलं होतं, "जागा बधिर करू, सुईनं गाठीचा बारीक तुकडा काढू आणि तपासायला पाठवू. चिरफाड नाही, संध्याकाळी घरी. त्याशिवाय गाठ कसली आहे, हे मीच काय, कुणीच सांगू शकणार नाही." शकुनबाई तिथंच तयार. पण नवरा केवळराम म्हणाला, "घरी इचारून सांगतो."

घरी म्हणजे भय्याजीला. हा केवळरामचा थोरला भाऊ, शकुनबाईचा भासरा. भासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि त्याच्याशी एक शब्द बोलायचा नाही, ही त्या घराची रीत. लग्न होऊन आली तशी ती पाळत होती. म्हणून गाठ तिची, बोलणारे दुसरे, आणि ती दाराआड.

"सुई?" भय्याजी गरजला. "गाठीले लोखंड लागलं का ते भडकते! सानगडीच्या एका बाईले टोचली, तं गाठ सुईवर चढून डॉक्टरच्या अंगात गेली. डॉक्टर अजून खाटेवर हाये!"

"अरे बापा!" केवळराम म्हणाला.

"मी लेप देतो. जिरते का नाई ते पाय."

दाराआड शकुनबाईनं दात असे करकरा खाल्ले की छपरावरचे कवेलू सरकले. लेप लागला. काळा, कुबट, वास असा की गोठ्यातल्या म्हशीनं पान्हा चोरला. कातडी सोलवटली. गाठ जिथली तिथं.

मग धान विकायचा दिवस आला. व्यापारी यादोराव गाडी घेऊन अंगणात आला. त्यानं परखी काढली, म्हणजे ती टोकदार, आतून पोकळ लोखंडी नळी, आणि खचकन पोत्यात खुपसली. बाहेर ओढली तर नळीत मूठभर धान.

"टोचा हो यादोराव, बिनधास्त टोचा," भय्याजी म्हणाला. "पोतं उसवाची काय गरज? परखी आतलं सारं सांगते."

शकुनबाई सुपात तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं. तिनं पदर नीट केला आणि सरळ पोत्यांच्या थप्पीवर जाऊन बसली. भासऱ्याशी बोलायचं नाही ना? तिनं पोत्याशी बोलायला घेतलं.

"काहून रे पोत्या, तुले लोखंड टोचलं ना? आता भडकशील बाप्पा! यादोरावच्या अंगात जाशील! थांब, तुले लेप लावते."

यादोराव गोंधळला. "वयनी, टोचल्याबिगर धान पोचट हाये का भरलेलं, मले कसं समजन?"

"आयकलं का पोत्या? टोचल्याबिगर समजत नाई म्हंते! तुह्या घरच्यायले तुही काळजी हाये. मी तं पोत्याच्या बी खालची!"

हमाल खिदळले. भय्याजी लालबुंद. "केवळ्या, बायकोले आवर!"

"आवरून पाहा म्हणा," ती पोत्याला म्हणाली. "लेप लावल्याबिगर येथून एक पोतं हालन नाई."

केवळराम परखीकडे बघत राहिला. मग बायकोकडे. मान खाली घालून म्हणाला, "उतर वो. उद्या भंडाऱ्याले जाऊ."

"कोणाले इचारून?"

"कोणाले नाई."

डॉक्टरीणबाईंनी सोलवटलेली कातडी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "हे कुणी लावलं?"

"पोत्यानं," शकुनबाई म्हणाली.

पडद्यावर बघत सुई गेली, टक् वाजलं, झालं. तपासात गाठ साधी निघाली, जिवाला धोका नसलेली. तरी दुखते म्हणून पुढच्या खेपेला बारीकशा छेदातून नळी घालून ती ओढून काढली. वर एक पट्टी. शकुनबाई बाहेर आली ती हसत नाही, फणफणत. "एवढंसं! एवढ्यासाठी मी त्या घाणीत निजली?"

गावात शिरते तो भय्याजीचा डंका आधीच वाजलेला, "माह्या लेपानं जिरली!"

ती त्याला काय ऐकवावं हे पोत्याच्या भाषेत जुळवत होती, तेवढ्यात मागच्या दारानं सुलोचनाबाई आली. भय्याजीची बायको, हिची जाऊ. तिनं पोलक्याचा हूक काढला. काळा लेप. जुन्या थरावर नवा थर.

"मले बी हाये, शकुन. मागच्या दिवाळीच्या आधीपासून. ह्यायनं सुईचं नाव काढू देल्लं नाई."

शकुनबाईचं पोत्याशी बोलणं तिथं संपलं. कोनाड्यातलं लेपाचं मडकं घेऊन ती ओसरीवर गेली. भय्याजी चार माणसांना सानगडीच्या डॉक्टरची गोष्ट सांगत होता. तिनं डोक्यावरचा पदर खाली सोडला.

"भय्याजी."

त्याच्या बशीतला चहा धोतरावर सांडला.

"जाऊबाईले घेऊन मी भंडाऱ्याले जाऊन राहिली. तिची गाठ माह्यासारखी साधी निघन का नाई, मले मालूम नाई. तुमालेबी मालूम नाई. तरी तुमी तिले इतके दिवस लेपाखाली बुजवून ठेवलं!"

"केवळ्या," भय्याजी कसाबसा म्हणाला, "हे... घरची रीत..."

केवळराम खुंटीवरची टोपी काढत होता. "मी बी चाललो सोबत," तो म्हणाला.

शकुनबाईनं मडकं भय्याजीच्या मांडीवर ठेवलं. मागं दारात सुलोचनाबाई पिशवी भरून उभी होती. दुपारची बस अजून यायची होती.