साहेबांचं जेवण

वॉर्डात सगळे तिला सिस्टर म्हणत, आणि गल्लीनेही तेच नाव उचललं होतं. तिच्या नवऱ्याला गल्ली अजून सुपरवायझर म्हणायची. बाटल्यांचा कारखाना बंद पडल्यापासून त्याच्या देखरेखीखाली एक मासा तेवढा उरला होता, पण हुद्दा असा सहजासहजी सुटत नाही.

मासा मागच्या खोलीत असे. लांब भिंतीला लोखंडी स्टँड, त्यावर काचेची टाकी, आणि तळाशी भिजलेल्या ओंडक्यासारखा पडलेला हा. कुठल्यातरी लांबच्या नदीतला, हातभर, काळपट, मिटलेल्या तोंडातूनही दात दिसणारा. सोबतीला कुणी सोडला की सकाळपर्यंत त्याचा मागमूस राहत नसे, म्हणून एकटाच. उडी मारायची खोड होती, म्हणून झाकणावर विटा. दिवसभर एका जागी बसतो आणि जवळ येईल त्याच्या अंगावर जातो, हे पाहून सुपरवायझरने त्याचं नाव ठेवलं होतं साहेब. साहेब म्हणून ज्यांच्या हाताखाली त्याने उभी हयात काढली, त्यांच्यात आणि याच्यात त्याला फारसा फरक दिसत नव्हता. हा निदान मीटिंग घेत नसे.

अडचण एवढीच की सिस्टरला आईला आणायचं होतं. आई पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून ती भावाकडे होती. वहिनी तोंडाने काही बोलत नव्हती, पण तिच्या हातातली भांडी बोलायला लागली होती. बुधवारी घेऊन जाते, असं सिस्टरने भावाला सांगून टाकलं होतं. घरात खाट मावेल अशी भिंत एकच, आणि तिच्यावर साहेबांचा ताबा.

"अहो, साहेबांचं बघा काहीतरी."

"बघतो."

"बघतो म्हणजे? आईला स्टँडखाली झोपवायचं?"

"बघतो म्हणजे बघितलंय," सुपरवायझर म्हणाला. "मत्स्यालयातला माणूस रविवारी येतोय. त्याची एकच अट आहे. मासा मेलेलं खाणारा पाहिजे. जिवंत मासळीवर वाढलेला ते घेत नाहीत, रोग येतात म्हणे. आणि आपले साहेब तयार आहेत." तो खुर्चीत रेलला. "तयार केलेत."

सिस्टरने कप विसळायला घेतला. दुखणं नेमकं तिथेच होतं.

साहेबांना मेलेलं खायला शिकवायचं, हे सुपरवायझरने कारखाना सुटल्यावर मनावर घेतलं होतं. लांब चिमट्यात मासळीचा तुकडा धरून, काचेला नाक लावून तो तासन्‌तास बसे. साहेब ढिम्म. शेवटी हात भरून आला की हा तुकडा पाण्यात टाकून निघून जाई, आणि दुसऱ्या दिवशी तुकडा नसे. "खातो," तो सगळ्यांना सांगे. "माझ्यासमोर नाही खात. मान ठेवतो माझा."

साहेब मान ठेवत होता आणि वाळत चालला होता. अंग आटून डोकं मोठं दिसायला लागलं, तेव्हा ते सिस्टरच्या नजरेत आलं. असले पेशंट तिने ढिगाने पाहिले होते. नातेवाईक खाटेभोवती कोंडाळं करतात, एक घास घ्या, अर्धा घ्या, आणि पेशंट तोंड मिटून घेतो. ती नातेवाइकांना बाहेर काढायची, ताट ठेवायची, पाठ फिरवून चादरींच्या घड्या घालत बसायची. घड्या संपेपर्यंत ताट अर्धं झालेलं असे.

एका दुपारी सुपरवायझर घोरत असताना तिने तुकडा दोऱ्याला बांधला, ओढलं की सुटेल अशी सैल गाठ मारून. दोरा कपड्याच्या चिमट्याने टाकीच्या कडेला लावला आणि पाठ करून टॉवेल घडी करत बसली. मागे पाणी एकदाच हललं. दोरा रिकामा होता.

तेव्हापासून तिचं हे काम वाढलं. सुपरवायझरने टाकलेला तुकडा पाणी नासायच्या आत ती आधीपासूनच काढत होती; आता दिवसाआड आपला लावायचा. मासा काही तिचा लाडका नव्हता. पण उपाशी पडलेलं कुणी घरात असलं की तिला झोप लागत नसे, आणि झोपेची आधीच चणचण होती. नवऱ्याला तिने सांगितलं नाही. नोकरी सुटल्यानंतर त्याला मिळालेली ती एकुलती एक बढती होती.

रविवारी मत्स्यालयवाला आला. ऐसपैस माणूस, कोपरापर्यंत बाह्या ओल्या, हातात झाकणाचा मोठा खोका. खाली बसून त्याने साहेबांना नीट न्याहाळलं.

"जनावर झकास आहे. खाऊ द्या बघू."

सुपरवायझरने चिमटा आत घातला. दोघेही काचेला नाक लावून बसले. तुकडा साहेबांच्या तोंडापुढे नाचला, कल्ल्याला लागला, पाठीवरून फिरला. साहेबांनी कल्ला हलवण्यापलीकडे काही केलं नाही.

"लाजतो जरा," सुपरवायझर म्हणाला.

"लाजणारं तिथे चालत नाही हो. माणसांची रांग असते काचेपुढे."

"तुम्ही गेल्यावर खाईल. सकाळी तुकडा नसतो, विचारा हिला."

"सकाळी नसतो ते ठीक. पण खाताना कुणी पाहिलंय?"

सुपरवायझर चिमटा पुसायला लागला. मत्स्यालयवाल्याने खोक्याचं झाकण लावायला घेतलं. "असं करा, महिना-दोन महिने अजून शिकवा. मग कळवा."

सिस्टर दारात उभी होती, रात्रपाळी करून आलेली, अंगात अजून तोच युनिफॉर्म. गप्प राहिलं तर साहेब राहणार, आणि बुधवारी भावाला फोन करून काय सांगायचं, हे तिला सुचत नव्हतं. नवीन थाप रचायला जेवढं डोकं लागतं तेवढंही शिल्लक नव्हतं.

"तिकडे तोंड करून उभे राहा," ती म्हणाली. "दोघेही."

"अगं, हे काय?"

"कपाटाकडे बघा. आणि बोलू नका."

तिच्या आवाजात वॉर्ड होता. दोघे फिरले. कपाटाला आरसा होता हे त्यांचं नशीब. तिने शिवणाच्या डब्यातून दोरा काढला, तुकडा बांधला, कडेला लावला आणि खुर्चीवरचे टॉवेल मांडीवर घेऊन टाकीकडे पाठ करून बसली. पहिल्या टॉवेलची घडी झाली. दुसऱ्याची अर्धी झाली असताना आरशातला ओंडका वर सरकला, आणि दोरा मोकळा लोंबायला लागला.

"घेतो," मत्स्यालयवाला हळूच म्हणाला. मग मागे वळला. "पण तिथे कसं द्यायचं ते सांगा. रोजचं कोण बघतं?"

सुपरवायझर वळला नव्हता. तो आरशातून तिच्याकडे बघत होता.

हेच बघतात, असं म्हणणं सोपं होतं. शब्द तिच्या तोंडापर्यंत आलेही. पण मग तिथे कुणीतरी चिमटा घेऊन रोज याच्या तोंडापुढे बसणार, वर माणसांची रांग, आणि पुन्हा ते अंगापेक्षा मोठं डोकं.

"मी बघते," ती म्हणाली. "दिवसाआड, दोऱ्याने. समोर कुणी थांबायचं नाही. टाकीचा एक कोपरा झाकून घ्या, तिथे खाईल."

"आणि चिमटा?"

"चिमटा नको."

साहेबांना जाळीत घ्यायला, खोक्यात उतरवायला, गाडीत चढवायला दोघे पुरुष लागले. सुपरवायझरने आपली बाजू धरली. गाडी गेल्यावर त्याने रबरी पाइप आणला, एक टोक टाकीत सोडलं, दुसरं मागच्या मोरीत, आणि पालथ्या बादलीवर बसला.

"मी टाकायचो ते तुकडे?" त्याने विचारलं.

"काढून टाकायचे. पाणी नासतं."

"मला सांगायचं होतंस."

"खूश होतात तुम्ही."

"सगळ्या गल्लीला सांगत सुटलो."

"माहितेय. मीही मान डोलवायचे."

त्याने पाइपचं टोक आणखी खाली ढकललं. पाण्याची रेघ काचेवरून अगदी सावकाश उतरत होती.

"तू पड जा. डोळे बघ काय झालेत. आईंचं उशीकडचं कुठे करू?"

"खिडकीकडे."

बाहेरच्या खोलीत ती युनिफॉर्म न बदलताच आडवी झाली. मोरीत पाणी पडत होतं. मधेच त्याचा आवाज आला, फोनवर, तिच्या भावाशी. "हो, बुधवारी येतो न्यायला. खोली मोकळी झाली… दिला. मत्स्यालयात… छे, जिवंत खाणारा कुठला घेतात ते. मेलेलं खायचा." मग थोडा वेळ नुसतं पाणी. "सुरुवात मी केली होती. पण खायला लावलं तुझ्या बहिणीने."

सिस्टरने ते ऐकलं. तिने पदरासारखी चादर तोंडावर ओढली आणि मोरीतलं पाणी थांबायच्या आत झोपून गेली.